रस्ता आज खणला, पण ठरलं कधी?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' जमतील तेवढे काढलेत, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय आहे महापालिकेची कार्यपत्रिका. हे ऐकून तुमचा अंगठा पुढच्या एपिसोडकडे जाणार, मला माहितीये. पण पंधरा मिनिटं द्या.

आपल्या गल्लीतला रस्ता खणलेला दिसतो. आपण फोटो काढतो, पालिकेला टॅग करतो आणि विचारतो, "हे कुणी ठरवलं?" प्रश्न बरोबर आहे, वेळ चुकीची आहे. कारण जेसीबी दारात येतो तेव्हा तो निर्णय कधीकधी वर्षभर जुना झालेला असतो. एस्टिमेट झालं, मंजुरी झाली, निविदा निघाली, वर्क ऑर्डर गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड प्रॉडक्शनमध्ये गेलाय आणि आपण आता रिव्ह्यूच्या कमेंट टाकतोय. कोण वाचणार?

म्हणून आज एवढंच बघू, की शहराचं पुढचं काम नेमकं कधी ठरतं आणि आपण त्यात कुठे शिरू शकतो. उदाहरण पुण्याचं घेतो, कारण मी तिथे राहतो आणि तिथली कागदपत्रं चाळलेली आहेत. पण मुंबई सोडली तर राज्यातल्या सगळ्या महापालिका एकाच कायद्यावर चालतात, १९४९ च्या. मुंबईचा कायदा वेगळा आणि त्याहून जुना, १८८८ चा. त्यामुळे तुम्ही नाशिकला असा, कोल्हापूरला असा, नाहीतर संभाजीनगरला, सांगाडा हाच आहे.

कोण ठरवतं?

बऱ्याच जणांना वाटतं महापौर म्हणजे शहराचा सीईओ. तसं नाहीये. महापौर सभा चालवतात. प्रत्यक्ष कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार.

मग नगरसेवक काय करतात? मंजुरी देतात, नाहीतर अडवतात. त्यासाठी दोन जागा महत्त्वाच्या. एक स्थायी समिती. यात १६ सदस्य, दर वर्षी निम्मे बाहेर पडतात आणि नवे येतात. पैशाचं जवळपास सगळं इथून जातं, विशेषतः ठरावीक रकमेच्या वरच्या निविदा. दुसरी जागा म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा. पुण्यात तिला 'मुख्य सभा' म्हणतात, इतर बऱ्याच शहरांत 'महासभा'. धोरण, कर, कर्ज, विकास आराखड्यातले बदल, अंदाजपत्रक, हे शेवटी तिथे यावं लागतं. आणि तिथे झालेला ठरावही राज्य सरकार कलम ४५१ वापरून थांबवू किंवा रद्द करू शकतं. वर्तमानपत्रात 'ठराव विखंडित' असं छापून येतं ना, ते हेच.

म्हणजे प्रस्ताव बहुतेक वेळा प्रशासन तयार करतं, मंजुरी लोकप्रतिनिधी देतात, आणि वरून सरकार बघत असतं. हे तिघं डोक्यात ठेवा.

कार्यपत्रिका कशी वाचायची?

सभेच्या काही दिवस आधी नगरसचिव कार्यालय सभासदांना कार्यपत्रिका पाठवतं. कुठल्या सभेत कुठले विषय, त्याची ती यादी. प्रत्येक विषयामागे एक विषयपत्र असतं. खात्याने लिहिलेलं, वर सह्या होत होत आयुक्तांच्या सहीने आलेलं.

हे वाचायला कंटाळवाणं असतं, खोटं कशाला बोलू? पण पाच-सहा शब्द कळले की चित्र एकदम स्पष्ट होतं.

'दप्तरी दाखल' म्हणजे विषय संपला, फाईल कपाटात. कुणी उघडपणे 'नाही' म्हणत नाही, पण अर्थ तोच.

'अभिप्रायासाठी प्रशासनाकडे' म्हणजे नगरसेवकाने काहीतरी सुचवलं, आता खातं मत देईल. इथे विषय महिनोन् महिने झोपू शकतो.

'तहकूब' म्हणजे सभा पुढे ढकलली. कधी कुणाला श्रद्धांजली वाहून, कधी गणसंख्येअभावी. आणि सभा तहकूब झाली की त्या दिवशीचे सगळे विषय तसेच लटकतात. तुमच्या भागाच्या ड्रेनेजचाही त्यात एक असू शकतो.

आणि माझा आवडता, म्हणजे नावडता शब्द: 'आयत्या वेळचे विषय'. जे छापील यादीत नव्हते, सभेत ऐनवेळी आले. तातडीच्या कामासाठी ही सोय हवीच, पुरात कुणी सात दिवस थांबणार नाही. पण तातडी नसलेला विषयही याच दारातून आत येऊ शकतो, आणि जो विषय आधी कुणी वाचलाच नाही त्याला विरोध कोण करणार? म्हणून बातमी वाचताना बघा, विषय यादीतला होता की आयत्या वेळचा. एवढ्या एका गोष्टीवरून बरंच कळतं.

वर्षाचं कॅलेंडर

आता सगळ्यात कामाचा भाग. शहराचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं, हे माहितीच आहे. पण ठरवण्याचं वर्ष वेगळं असतं.

पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी खाती आपापल्या मागण्या गोळा करायला लागतात. पथ विभाग, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, उद्यान. कुठे किती लागणार, आधीचं किती राहिलंय. पुण्यात याच सुमारास, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, नागरिकांकडूनही कामं मागवली जातात. ही पद्धत २००६ पासून आहे. तुम्ही आपल्या भागातलं छोटं काम सुचवायचं, फुटपाथची दुरुस्ती, दिवे, बाक, बसथांबा असलं काहीतरी. एका कामासाठी ५ लाखांपर्यंतची मर्यादा ठेवलेली होती. अर्ज जातो क्षेत्रीय कार्यालयात. पुण्यात अशी १५ कार्यालयं आहेत. तिथे छाननी होते आणि निवडलेली कामं पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात जातात.

हिवाळ्यात आयुक्त आपलं अंदाजपत्रक बांधतात आणि स्थायी समितीला देतात. २० फेब्रुवारीच्या आत पुढच्या वर्षीचे कराचे दर ठरवावे लागतात, ते कायद्यातच आहे. मग स्थायी समितीचे अध्यक्ष आपलं अंदाजपत्रक मुख्य सभेत मांडतात, चर्चा होते, आणि मार्चअखेर मंजुरी.

आता सांगा, आपण जागे कधी होतो? मार्चमध्ये, बातमी आल्यावर. "अरे, आमच्या भागाला काहीच नाही!" बरोबर, कारण यादी सप्टेंबरात बंद झाली होती.

आकडा का फुगतो?

पुण्याचं २०२१-२२ चं अंदाजपत्रक घ्या. आयुक्तांनी मांडलं ७,६५० कोटींचं. स्थायी समितीने ते नेलं ८,३७० कोटींवर. ७२० कोटींची वाढ. काही आठवड्यांत शहराचं उत्पन्न एवढं वाढलं का? नाही. अंदाज वाढला.

का वाढतो? कारण प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागाचं काम पुस्तकात हवं असतं. पुण्यात नगरसेवकांच्या कामांच्या यादीला 'स यादी' म्हणतात. मतदाराला जाऊन सांगता येतं, "बघा, तरतूद करून घेतली." कामं वाढली की खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की जमेची बाजूही कागदावर वाढवावी लागते. मिळकतकरातून जास्त येईल, बांधकाम परवानग्यांतून जास्त येईल, असं धरलं जातं.

मला यात नगरसेवकांना व्हिलन करायचं नाहीये. खालच्या गल्लीचं गटार तुंबलंय हे आयुक्तांना वरून दिसत नाही, नगरसेवकाला दिसतं. मागणी खरी असते. प्रश्न असा, की १०० रुपये असताना १२० ची कामं पुस्तकात लिहिली, तर २० ची कुठलीतरी कामं होणार नाहीत. ती कुठली, हे मार्चमध्ये कुणी सांगत नाही. ते वर्षभरात गुपचूप ठरतं.

वर्गीकरण: दुसरं, न दिसणारं बजेट

गुपचूप कसं? तर 'वर्गीकरण'. शब्द शाळेतल्या विज्ञानासारखा वाटतो, अर्थ सोपा आहे. एका कामाचे पैसे काढून दुसऱ्या कामाला देणं. कायदेशीर आहे, गरजेचंही असतं. एखादं काम कोर्टात अडकलं तर ते पैसे पडून ठेवण्यात काय अर्थ? पण यातच छोटी कामं मरतात.

माझ्या मूळ गावी नगरपरिषद आहे. नाव नको. तिथे शाळेच्या कडेने उघडं गटार जातं, पावसात पोरं त्याच्यावरून उड्या मारत जातात. पालकांनी दोन वर्षं मागे लागून त्यावर झाकणं टाकायची तरतूद करून घेतली. अंदाजपत्रकात ओळ आली, व्हॉट्सॲपवर पेढ्यांचे इमोजी आले, आणि सगळे निवांत झाले. पुढच्या पावसाळ्यात गटार तसंच. माहिती अधिकारात विचारल्यावर कळलं, की फेब्रुवारीत ती रक्कम वळवली गेली होती. एका प्रवेशद्वाराच्या कमानीकडे! ठराव नीट झालेला होता, सह्या होत्या. कुणी काही लपवलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

त्या पालकांपैकी एक काका मला म्हणाले, "अरे, तरतूद म्हणजे साखरपुडा रे. लग्न नव्हे."

यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून मिळालेली नाही. अंदाजपत्रकात नाव येणं म्हणजे साखरपुडा. मग एस्टिमेट, मग निविदा, मग वर्क ऑर्डर. वर्क ऑर्डर निघाली की लग्न लागलं समजा. आणि डिसेंबर उलटला तरी निविदा निघाली नसेल, तर ती रक्कम वर्गीकरणाच्या नजरेत आली म्हणून समजा.

मोठे प्रकल्प: पैसा आहे, जागा नाही

मोठ्या प्रकल्पांचं गणित आणखी वेगळं. जे काम एका वर्षात संपणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षांच्या पैशांची जबाबदारी आजच स्वीकारावी लागते. पालिकेत त्याला '७२ ब' म्हणतात, कायद्यातल्या कलमावरून. एखादं काम '७२ ब'खाली मंजूर झालं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाचा एक तुकडा आजच कापून ठेवला. असे तुकडे साठत गेले, की पाच वर्षांनी निवडून येणाऱ्यांच्या हातात ठरवायला फार कमी उरतं. आपण सॉफ्टवेअरवाले याला टेक्निकल डेट म्हणतो. इथे ते खरंखुरं देणं असतं.

पैसे असूनही काम अडतं ते जागेमुळे. कात्रज-कोंढवा रस्ता माहितीये ना? तिकडून रोज बाइकवर जाणारे आत्ता मान हलवत असतील. साधारण साडेतीन किलोमीटरचा पट्टा. ८४ मीटर रुंद करायचं ठरलं आणि २०१८ मध्ये काम सुरू करायचा नारळ फुटला. पण रस्त्यासाठी लागणारी जागा पूर्ण ताब्यात नव्हती. पालिका जागेच्या बदल्यात टीडीआर देते, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करायचा हक्क. अनेक जागामालकांना रोख मोबदला हवा होता. रोख द्यायची तर आकडा पालिकेच्या आवाक्याबाहेर. वर्षं गेली, अपघात होत राहिले, आणि शेवटी आधी ५० मीटरच करू असं ठरलं.

यातून मी एक प्रश्न शिकलोय, तो तुम्हीही पाठ करा: "जागा ताब्यात आहे का?" कुठल्याही रस्त्याच्या, पुलाच्या, उद्यानाच्या घोषणेला हा एक प्रश्न विचारा. उत्तर 'प्रक्रिया सुरू आहे' असं आलं, तर तारखेवर विश्वास ठेवू नका.

जवळपास चार वर्षं, सभाच नाही

आता हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, ही एवढी समित्यांची भानगड हवीच कशाला? एक चांगला अधिकारी बसवा, पटापट निर्णय घेऊ दे.

तर हा प्रयोग आपल्यावर झालेला आहे. पुणे महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्टातल्या तारखा, यात निवडणूक अडकली. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, आणि प्रत्यक्ष मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला, राज्यातल्या २९ महापालिकांसाठी एकदम. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक व्हावी असं संविधानात १९९३ पासून लिहिलेलं आहे, ७४ व्या घटनादुरुस्तीमुळे. तरी हे झालं.

मधल्या काळात प्रशासक. आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे आयुक्तांनी प्रस्ताव तयार करायचा आणि स्थायी समिती म्हणून, मुख्य सभा म्हणून स्वतःच मंजूर करायचा. स्वतःची पुल रिक्वेस्ट, स्वतःच अप्रूव्ह, स्वतःच मर्ज. मी ऑफिसात हे केलं तर सिस्टिमच मला थांबवेल. इथे २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं अंदाजपत्रक असंच मांडलं गेलं आणि असंच मंजूर झालं.

अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारणारी खुर्चीच रिकामी होती. आणि सगळ्यात जास्त फटका कुणाला? ३० जून २०२१ ला जी २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यांना. गाव होतं तेव्हा सरपंच होता, ग्रामसभा होती. पालिकेत आल्यावर मिळकतकर आला, पण या मतदानापर्यंत स्वतः निवडून दिलेला नगरसेवक नव्हता. पाणी नाही म्हणून सांगायचं कुणाला?

आता ४१ प्रभागांतून १६५ जण सभागृहात आहेत. त्यातल्या अनेकांनी 'वर्गीकरण' हा शब्द आपल्याइतकाच नव्याने ऐकलेला असणार. त्यामुळे त्यांना सवयी लागायच्या आधी आपण आपल्या प्रश्नांची सवय लावू शकतो.

मग करायचं काय?

मोर्चा काढायला सांगत नाहीये. चार गोष्टी सांगतो, चारही फोनवरून सुरू होतात.

एक, आपला प्रभाग कुठला आणि त्यातले नगरसेवक कोण, हे शोधा. पुण्यात एका प्रभागात चार जण आहेत, एकाच प्रभागात पाच. चौघांनी एकमेकांकडे बोट दाखवायला वाव आहे, म्हणून मेसेज चौघांना एकत्र पाठवा.

दोन, पालिकेच्या वेबसाइटवर अंदाजपत्रकाची पीडीएफ असते. उघडा आणि आपल्या भागाचं, रस्त्याचं नाव शोधा. मराठी फॉन्टमुळे सर्च चाललं नाही तर आपल्या क्षेत्रीय कार्यालयाची पानं हाताने चाळा. अर्धा तास लागेल. सापडलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, रकमेसकट.

तीन, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या ओळीबद्दल एकच साधा प्रश्न विचारा: "निविदा निघाली का?" जमलं तर कनिष्ठ अभियंत्याला भेटून विचारा. ही माणसं तुसडी असतात असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा उलट असतं, कुणी नीट कागद घेऊन आलं तर त्यांनाही वर सांगायला बळ मिळतं. उत्तर नाहीच मिळालं, तर माहिती अधिकार आहे. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. प्रश्न नेमका लिहा. 'माझ्या भागात काय चाललंय' असा अर्ज लिहू नका. 'अमुक कामाच्या तरतुदीतून आजपर्यंत किती खर्च झाला, आणि रक्कम वर्गीकरणाने वळवली असल्यास त्या ठरावाची प्रत द्यावी' असं लिहा.

चार, नागरिकांच्या कामांचे अर्ज मागवतात तेव्हा एक अर्ज भरा. सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं 'कुणीतरी करायला हवं' लिहू नका. काम छोटं निवडा, जागा पालिकेचीच आहे ना ते आधी बघा, फोटो आणि लोकेशन जोडा. आणि मंजूर झालं की पेढे लगेच वाटू नका. साखरपुडा आहे तो.

यातून शहर बदलेल का? एका अर्जाने नाही बदलत. पण एखादं गटार झाकलं जाईल, एखाद्या वळणावर दिवा लागेल. आणि सभागृहात बसलेल्याला कळेल, की या प्रभागातली पोरं फक्त फोटो टाकत नाहीत, कार्यपत्रिकाही वाचतात.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात मिळकतकराचं बिल घेऊन बसू, त्यातली एकेक ओळ काय सांगते ते बघू. बिल शोधून ठेवा, बहुतेक आईच्या नाहीतर बाबांच्या फाईलमध्ये असेल. भेटू. काळजी घ्या.